शरणप्पांच्या पावलाचं माप

सोलापुरात आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत कल्याणीकडचा एक विणकर राहतो. त्याच्या मागाचा खटखटाट माझ्या भूगोलाच्या तासाला साथ करत असतो. एकदा चादर घ्यायला गेलो असताना त्यानं सहज सांगितलं, की त्याच्या मामाच्या गावाशेजारी एक माणूस आहे आणि तो मरत नाही. दुसऱ्या कुणी हे ऐकून सोडून दिलं असतं. मी चादर तिथंच विसरून घरी आलो आणि नाताळच्या सुट्टीचे दिवस मोजायला बसलो.

माझं हे खूळ घरच्यांना ठाऊक आहे. मी अमर माणसांच्या कथा गोळा करतो. पुराणातले चिरंजीव नव्हेत, त्यांची काळजी घ्यायला कीर्तनकार समर्थ आहेत. मला हवे असतात गावोगावचे अमर. वरच्या लोकातला कुणीतरी शापानं, चुकीनं किंवा नुसत्या हौसेनं माणसाच्या पोटी जन्म घेतो, चारचौघांत वाढतो आणि एक दिवस ओळखू येतो, अशा कथा आपल्या मुलखात पावलापावलाला सापडतात. त्यांचे कागद मी एका बासनात ठेवतो आणि त्यावर पांढरी सुती दोरी बांधतो. आजवरचे माझे सगळे अमर कुणाच्या तरी पणज्याच्या काळात होऊन गेलेले. हा मात्र जिवंत होता, आणि हाकेच्या नव्हे तरी रेल्वेच्या अंतरावर होता. त्याच्या गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. का ते पुढं कळेलच.

संतपूर

उदगीरला रेल्वे सोडून मोटारीत बसलो. निजामाचं राज्य जाऊन पाच-सहा वर्षं झाली, तरी मोटारीत चर्चा राज्याचीच होती. भाषेवार प्रांत झाले तर आपण कुणीकडं जाणार यावर दोन शेतकरी हमरीतुमरीवर आले. गंमत म्हणजे दोघंही वाद मराठीत सुरू करायचे, रंगात आले की कानडीत शिरायचे आणि शिव्या मात्र अस्सल हैदराबादी उर्दूत द्यायचे. सोलापुरातही आम्ही तीन भाषा ऐकतो, पण प्रत्येक भाषेची पेठ वेगळी. इथं तिन्ही एकाच तोंडात सुखानं नांदत होत्या.

संतपुरात एका तुरीच्या व्यापाऱ्याकडं उतरलो. त्याच्या आईनं मला अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी आणि एक कथा वाढली. तिन्ही सारख्याच चवीच्या होत्या.

कथा अशी. एका कुंभाराच्या घरी मुलगी जन्मली. ती मूळची वरची, पण हे कुणाला माहीत नव्हतं. मोठी झाल्यावर ती चाकावर बसू लागली. तिनं घडवलेलं मडकं फुटायचं नाही. विहिरीत पडलं तरी नाही, बैलानं लाथाडलं तरी नाही. गाव खूश झालं. दोन वर्षांत घरोघर तिची मडकी झाली आणि मग कुंभाराकडं कुणी फिरकेना. फुटतच नाही, तर नवं कशाला घ्यायचं? चाक बंद पडलं, भट्टी विझली. शेवटी बाप तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, बाई, तू जा. ती रागावली नाही. घरोघर हिंडून आपलं एकेक मडकं तिनं स्वतःच्या हातानं फोडलं आणि तळ्याच्या वाटेनं निघून गेली. म्हातारीच्या माहेरी अजून नवं मडकं आणलं, की पाणी भरण्याआधी त्याच्या कडेचा लहानसा टवका काढतात. तू फुटणारं आहेस, हे मडक्याला कळावं म्हणून.

मी उत्साहानं लिहून घेतलं. मग माझ्या माणसाबद्दल विचारलं. म्हातारीला त्याची पूर्ण माहिती होती. तो तीनशे वर्षांचा आहे, जेवत नाही आणि उन्हात उभा राहिला तरी सावली पडत नाही. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला सांगू, आनंदाचा काटा.

बीदर

बीदरमध्ये किल्ला पाहिला. तो सगळ्यांनीच पाहिलेला असतो, म्हणून त्यावर लिहीत नाही. मला तिथं आवडली ती बिदरी कारागिरांची गल्ली. काळ्या धातूवर चांदीची तार ठोकून बसवायचं ते काम. भांडं घडवून, तार बसवून झालं की ते किल्ल्यातल्या जुन्या मातीत उकळतात, तेव्हा धातू काळा पडतो आणि चांदी तेवढी उजळ राहते. तिथल्या वयस्क कारागिरानं ती माती जिभेला लावून पाहिली आणि मलाही दिली. मी चाखली. खारट होती. त्याला ती पसंत पडली, माझा मात्र दिवसभर घसा खवखवत राहिला.

अमर माणसाबद्दल त्यालाही ठाऊक होतं. वय सव्वाशे असेल म्हणाला. तीनशेवरून एकदम सव्वाशेवर आल्यामुळं मी जरा खट्टू झालो. जेवतो का, म्हणून विचारलं. त्यानं तार ठोकता ठोकता मान वर न करता सांगितलं, “मरते नईं बोलके सुना हूँ साब. मगर घुटने बहोत दुखते बोलते.”

ज्याला मरण नाही त्याला गुडघेदुखी असावी, हे मला शोभेसं वाटलं नाही. ते वाक्य मी वहीत लिहिलंच नाही.

कोहिनूरच्या पुढं

कल्याणीहून पुढं बैलगाडी. कोहिनूर नावाचं गाव मागं पडलं आणि दोन्ही बाजूंनी ज्वारी सुरू झाली. पुरुषभर उंच, कणसं भरलेली, मधूनमधून करडईचे काटेरी पट्टे. आमच्याकडचं रान या दिवसांत तपकिरी होतं, इथं काळ्या जमिनीनं अजून ओल धरलेली होती. गाडीवानानं बैल सोडून मला हुरडा भाजून दिला. त्याच्या मते अमर माणसाचं वय ऐंशी. त्याचा आजा आणि तो माणूस एकत्र विटीदांडू खेळलेले होते.

या हिशेबानं गावात पोचेपर्यंत माणूस माझ्याहून लहान निघेल, अशी मला भीती वाटायला लागली. त्याच विचारात असताना ओढ्यात गाडीचं एक चाक दगडावर चढलं आणि गाडी आडवी झाली. बैलांना काही झालं नाही. कागदांच्या बासनालाही काही झालं नाही, ते मी छातीशी धरलं होतं. त्यामुळं हात टेकता आला नाही आणि डावा पाय घोट्यात मुरगळला. गाव येईपर्यंत तो टम्म सुजला होता.

अशा रीतीनं अमर पुरुषाच्या दारात मी दोघांच्या खांद्यावर हात टाकून, लंगडत, कण्हत पोचलो. ओसरीवर एक म्हातारा उन्हात पाय पसरून बसला होता. गळ्यात लिंगाची करडी म्हणजे डबी, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात जाडीभरडी बंडी. त्याची सावली चांगली ठळक पडली होती. मला पाहताच तो भिंतीला धरून उठला आणि आत हाक मारली, “गुरम्मा, एरंडेल आण. पाव्हण्याचा पाय गेलाय.”

हेच शरणप्पा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणतं.

अप्पांचं घर

पुढचे दोन दिवस मी त्या ओसरीवर पडून होतो आणि सकाळ-संध्याकाळ एक अमर माणूस माझा पाय चोळत होता. त्यांचा अंगठा बरोबर दुखऱ्या शिरेवर पडायचा. मी संकोचून पाय ओढून घेतला, तर दटावायचे. घरात ते आणि त्यांची मुलगी गुरम्मा, दोघंच. गुरम्माक्का साठीला आलेली. नवरा घरजावई होता, तो वारला. दोन भाऊ होते, तेही गेले. ती बोलायची कमी आणि वाढायची जास्त. शेंगांच्या पोळ्या तिनं मला पहिल्या दिवशी चार आणि दुसऱ्या दिवशी पाच खायला लावल्या. रोज सकाळी ती बापाला पाटावर बसवून त्यांचे पाय धुवायची, पुसायची, भस्म लावायची. आमच्याकडं मुली बापाच्या पाया पडून सुटका करून घेतात. ही मात्र बोटाबोटांच्या फटीतनं पाणी घालायची.

अप्पा अमर कसे झाले, ते मला त्यांनीच सांगितलं. त्यासाठी त्या गावची एक रीत सांगायला हवी.

लिंगायतांत माणसाला दहन करत नाहीत, मातीत बसवतात. खड्डा मोजायचा तो गेलेल्या माणसाच्याच पावलानं, नऊ पावलं. बहुतेक गावांत हे माप माणूस गेल्यावर घेतात. या गावात ते लग्नाच्या दिवशीच घेतात. अक्षता पडल्या की मठाचे स्वामी नवरा-नवरीच्या पावलांवर सूत धरतात, पावलाएवढं तोडतात, हळदीत बुडवतात आणि मठातल्या लाकडी दांडीवर, त्या घराच्या खुंटीला बांधतात. माणूस गेला की तो दोरा काढायचा, त्यानं खड्डा मोजायचा आणि दोरा त्याच्याबरोबर मातीत घालायचा. एका माणसाला एक दोरा, दुसरा नाही.

हे ऐकताना मला आमच्या आत्या आठवल्या. लग्नघरात कुणी नुसतं ‘गेला’ म्हटलं तरी त्या तोंडात साखर कोंबतात. इथं मुंडावळ्या सुटायच्या आत मरणाचं माप होतं, आणि लगेच पंगती बसतात. मला ते आधी भयंकर वाटलं. दुसऱ्या दिवशी तितकं वाटलं नाही.

तर अप्पांचं लग्न अठराव्या वर्षी झालं. दोरा खुंटीला लागला. त्याच पावसाळ्यात गावात पटकी आली. नवरदेव एका दिवसात गार पडला. दोरा काढला, खड्डा मोजला, त्यांना आत बसवलं, डाव्या हातात लिंग दिलं, दोरा मांडीवर ठेवला. स्वामींनी पहिली बेलाची पानं टाकली आणि खड्ड्यातला माणूस खोकला.

वर ओढून काढायच्या गडबडीत दोरा आत राहिला. खड्डा तसाच बुजवला. आणि योगायोग असा, की अप्पांनंतर गावात पटकीनं कुणी गेलं नाही. मग लोकांना कळून चुकलं. याचं मरण झालंय, आता ते पुन्हा येणार कसं? हा साधा माणूस नव्हे, वरचा कुणीतरी आपल्यात जन्माला आलाय. त्यांच्या आईला डोहाळे कुठले लागले होते, जन्मताना आभाळात काय दिसलं होतं, हे सगळं लोकांना पुढं सवडीनं आठवत गेलं. बीदरला ते सव्वाशेचे झाले आणि संतपूरला पोचेपर्यंत सावली गळून पडली.

दुसरा दोरा काही मिळाला नाही. अप्पांनी मागितला होता, एकदा नव्हे, बायको गेल्यापासून दर वर्षी. स्वामी म्हणायचे, तसा नेम नाही. गाव म्हणायचं, अप्पा, तुम्हाला तो कशाला? गावकऱ्यांना वाटायचं, दोरा बांधला की मरणाला वाट मिळेल आणि अप्पांच्या मागोमाग पटकी गावात येईल.

मी हे सगळं भराभरा लिहीत होतो. अप्पा माझ्या हाताकडं बघत होते. मला वाटलं, आपली कथा कागदावर उतरतेय म्हणून त्यांना बरं वाटत असेल.

येळवस

तिसरा दिवस येळवसेचा, म्हणजे वेळ अमावास्येचा. सोलापूरच्या पश्चिमेला हा सण कुणाला सांगितला तर कपाळाला आठ्या पडतात. इकडं मात्र दिवाळी मागं पडते. आदल्या दिवशीपासून घरोघर भज्जी रटरटत होती. सगळ्या पालेभाज्या, सगळी कडधान्यं आणि बेसन यांचं ते दाट कालवण. मडक्यांत आंबील मुरत होती. सकाळी गाव डोक्यावर टोपल्या घेऊन शेतात निघालं. प्रत्येक शेतात कडब्याची कोप, म्हणजे लहानसं खोपट करतात, तिथं पूजा, मग रानभर आंबील शिंपडायची आणि वाटसरूला धरून जेवायला बसवायचं. या गावात पहिली आंबील अप्पांच्या हातची. त्यांना गाडीत घालून शेताशेताला फिरवतात. रोगराई वेशीबाहेर राहावी म्हणून.

त्या दिवशी अप्पा म्हणाले, गुडघा धरलाय, पाव्हणाही एकटा आहे, तुम्ही व्हा पुढं. गुरम्माक्का कुरकुरत गेली. गाव रिकामं झालं. गल्लीत फक्त कोंबड्या उरल्या.

अप्पांनी पाय माझ्यासमोर पसरले.

“मास्तर, दोन दिस मी तुमचा पाय चोळायलोय. आज तुमी माझा पाय मापा.”

मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी विचारलं, मीच का?

“गावात कुनाचा हात धजत न्हाई. तुमी भायेरचे. तुमाला नेम लागू न्हाई.” मग थोडं थांबून म्हणाले, “ती तिकडं बांधाला बसलीया. गुरम्माची आई. शेजारी जागा ठेवली व्हती, निम्मी बाभळीनं खाल्ली.”

ज्यांचं अन्न दोन दिवस खाल्लं, त्यांच्याच श्रद्धेला पाठीमागून सुरुंग लावायचा, हे मला बरं दिसेना. हे कारण खरं होतं, पण त्याच्याखाली दुसरंही एक होतं आणि त्याची मला आज लाज वाटते. मी अमर माणूस बघायला आलो होतो. तो वहीत मिळाला होता. आणि आता तोच माणूस मला म्हणत होता, की मला तुमच्यातला करा.

त्यांचे पाय माझ्यापुढंच होते. भेगाळलेल्या टाचा, नखं पिवळी पडलेली, घोट्याशी खड्ड्यातून ओढताना झालेली जुनी खूण. मी बासनाची दोरी सोडली. घरात दुसरं सूत शोधायला धीर नव्हता. कागद ओसरीभर पसरले. त्यांची टाच मी हातात धरली, दोरी तळव्यावरून अंगठ्यापर्यंत नेली, आणि अप्पांना गुदगुल्या झाल्या. ते लहान पोरासारखे हसायला लागले. मीही हसलो. तेवढ्यात दारात सावली आली.

गुरम्माक्का त्यांना न्यायला परत आली होती. सगळी शेतं पहिल्या आंबिलीसाठी खोळंबली होती.

“काय चाललंय हे?”

“माप घ्यायलोय,” अप्पा म्हणाले.

“कामून? तुमाला कामून माप लागायलंय?” तिचा आवाज चढला नाही. मला म्हणाली, “मास्तर, तुमाला पोळ्या कमी पडल्या काय आमच्या घरात?”

दोरी माझ्या हातात होती आणि हात कुठं ठेवावा ते कळेना.

अप्पांनी तिला जवळ बसायला सांगितलं. ती बसली नाही. मग ते बसल्या जागेवरून बोलले, शेजाऱ्याला पाऊसपाणी सांगावं तसे.

“गुरम्मा, दोन ल्योक मी मातीत बसवले. दोघांचे दोरे ह्याच हातानं काढले. तुझ्या नवऱ्याचा काढला. तुझ्या आईचा काढला. आता आपल्या खुंटीला एकच दोरा हाय, तुझा. त्यो मला काढायला लावू नको.”

एक कोंबडी येऊन माझ्या कागदांवरून चालत गेली, तरी मी तिला हुसकलं नाही.

“आन् गावाला काय सांगू?” गुरम्माक्कानं विचारलं.

“सांग, मानसाच्या पोटचं मानूस व्हतं.”

तिनं माझ्या हातातली दोरी ओढून घेतली आणि कमरेला खोचली. चला, लोक थांबलेत, एवढंच म्हणाली. आम्हा दोघांनाही तिनं गाडीत घातलं. त्या दुपारी मी पाच शेतांत अप्पांना आंबील शिंपडताना पाहिलं. माणसं त्यांच्या पायाला हात लावत होती. बायका तान्ही पोरं त्यांच्या मांडीवर ठेवत होत्या, त्यांचं आयुष्य पोराला लागावं म्हणून. अप्पा प्रत्येक पोराच्या डोक्यावर हात ठेवायचे. भज्जी, उंडे, खीर, सगळं माझ्या पानात पडत होतं. गुरम्माक्का माझ्याकडं बघतही नव्हती. ती दोरी बहुतेक चुलीत जाणार, असं मी धरून चाललो.

मठ

निघायच्या दिवशी सकाळी पायावर भार देता येऊ लागला. गाडी जुंपेपर्यंत मी काठी टेकत मठात गेलो. दांडीवर शे-दीडशे दोरे लोंबत होते. काही पिवळेधमक, बरेचसे विटून मातकट झालेले. अप्पांच्या घराची खुंटी शोधायला वेळ लागला नाही. तिच्यावर एक जुना दोरा होता. त्याच्या शेजारी दुसरा होता, हळदीनं ओला, त्याचा एक थेंब खाली फरशीवर पडला होता.

माझी दोरी ती नव्हती. ते हातानं कातलेलं सूत होतं.

स्वामी तिथंच बसले होते. मी लांबून येत असतानाच त्यांनी मला ‘मास्तर’ म्हणून हाक मारली होती आणि काठी कुणाची आणली हेही ओळखलं होतं. मी खुंटीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. ते म्हणाले, गेल्या वर्षापासून डोळ्यांना काही दिसत नाही, खुंटीवर कोण काय बांधतं कळत नाही. आणि पुन्हा जपाला लागले.

परत आलो तेव्हा अप्पा पाटावर बसून ओले पाय उन्हात वाळवत होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. त्यांचा चेहरा कसा दिसत होता, हे मला नीट लिहिता येणार नाही. लांबच्या गावाला जायचं गाठोडं बांधून झालेल्या माणसाचा असतो, तसा काहीसा.

गुरम्माक्का गाडीपर्यंत आली. शेंगापोळ्यांचं फडकं दिलं आणि कमरेची दोरी काढून माझ्या हातात ठेवली.

“ही तुमच्या कागदाला लावा. अप्पाच्या मापाला घरचं सूत लागतंय.”

मी विचारलं, माझं माप चुकलं होतं का?

“तुमी अंगठ्यापातूर मापलं. अप्पाचं अंगठ्याशेजारचं बोट लांब हाय.” मग तिनं दुसरीकडं बघत सांगितलं, “बोटभर कमी पडलं व्हतं. नऊ पावलाला नऊ बोटं. पाय आखडून बसाया लागलं असतं. आदीच गुडघे दुखत्यात त्यांचे.”

एवढं बोलून तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मीही बैलांकडं बघत राहिलो. गाडी हलल्यावर तिनं मागून हाक मारली. गावाचं नाव घालू नका म्हणाली. लोक बघायला येतात, त्यांना आता स्वस्थ बसू द्या.

सोलापूरला पोचलो तेव्हा पाय पुन्हा सुजला होता. बायकोनं एरंडेल गरम केलं आणि चोळता चोळता विचारलं, भेटला का तुमचा न मरणारा माणूस?

भेटला, म्हटलं. मरायला मोकळा झाला.

ती दोरी मी बासनाला पुन्हा बांधली. संतपूरची कुंभाराची मुलगी त्यात आहे. शरणप्पांचे कागद मात्र मी त्यात ठेवले नाहीत. ते बासन अमर माणसांचं आहे.